लिहायचं एक, म्हणायचं एक : इंग्रजी उच्चारांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात इंग्रजी उच्चारांवरची पत्रं बरीच होती. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. उत्तरं इंग्रजी उच्चार शिकवणाऱ्या मंडळींनी दिली आहेत. स्पेलिंग अक्षरांची नावं जोडून लिहिलं आहे. उच्चार अवतरणचिन्हांत दिला आहे आणि त्याचे भाग रेघेनं तोडले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत, सेमी इंग्रजीत आहे. 'नाइफ'मधला के बोलायचा नाही तर लिहायचा काऊन, असं रोज विचारून राहिली. "असंच असतं" म्हणून म्हणून मीच थकले. तिला काय सांगू? सायलेंट अक्षरांचा काही नियम असतो का?
– एक आई, महाल

उत्तर : "असंच असतं" सांगू नका, कारण ते तसं नाही. तो के एके काळी बोलला जात होता. जुन्या इंग्रजीत सुरीला 'क्नीफ'सारखा शब्द होता, क आणि न दोन्ही ऐकू येणारा. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन यांनी इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरून गेली. बोलणं मात्र बदलत राहिलं. सतराव्या शतकाच्या सुमारास लोकांच्या तोंडून हा के गळाला, तोवर पुस्तकांत तो पक्का बसला होता. 'राइट' (लिहिणे) मधला डब्ल्यू आणि 'नाइट' (रात्र) मधला जी-एच यांचंही असंच झालं.

काही सायलेंट अक्षरं मात्र इंग्रजीत कधीच बोलली गेली नाहीत. कर्जाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. मूळ लॅटिन शब्दात बी आहे हे दाखवायला पंडितांनी तो मागाहून घातला. 'डाउट'मधला बी आणि 'रिसीट'मधला पी हेही असेच लॅटिनच्या हौसेपायी आले. 'आयलंड'मधला एस तर चुकूनच चिकटला. तो शब्द इंग्रजीचा स्वतःचा, पण दिसायला लॅटिन घराण्यातल्या दुसऱ्या एका शब्दासारखा, म्हणून त्याचा एस यालाही लावला गेला. तिसरा प्रकार ग्रीकमधून आलेल्या शब्दांचा. 'सायकॉलॉजी' आणि 'न्यूमोनिया' यांच्या आरंभीचा पी ग्रीक माणूस बोलत होता, इंग्रजांच्या जिभेला ते जमलं नाही.

नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी भरवशाचे आहेत. शब्दाच्या सुरुवातीला के-एन, जी-एन, पी-एन किंवा पी-एस आलं तर पहिलं अक्षर सोडून द्यायचं. डब्ल्यू-आर असेल तर फक्त 'र' म्हणायचा. शब्द एम-बी वर संपला तर बी सायलेंट असतो : 'लॅम', 'थम', 'क्लाइम', 'बॉम', आणि टी-ओ-एम-बी म्हणजे 'टूम'. अशा शब्दाला पुढे ई-आर लागला तरी बी बोलायचा नाही, त्यामुळे आपण दुकानाच्या पाटीवर 'प्लंबर' लिहितो त्याचा इंग्रजी उच्चार 'प्लमर'. 'नंबर' आणि 'टिंबर' मुळातच एम-बी वर संपलेल्या शब्दांपासून झालेले नाहीत, म्हणून तिथे बी ऐकू येतो. एस-टी च्या पुढे एल-ई किंवा ई-एन आलं की टी बहुधा गळतो : 'कॅसल', 'व्हिसल', 'लिसन'. 'वॉक', 'टॉक', 'हाफ', 'काम' (शांत), 'पाम' यांतला एल बोलायचा नाही.

मुलीला आवडेल असा एक खेळ सांगतो. सायलेंट अक्षर त्याच घरातल्या दुसऱ्या शब्दात बहुतेक वेळा बोलतं. 'साइन'मध्ये जी गप्प आहे, 'सिग्नेचर'मध्ये तो ऐकू येतो. 'बॉम'मधला दुसरा बी 'बॉम्-बार्ड'मध्ये येतो, 'ऑटम'मधला एन 'ऑ-टम्-नल'मध्ये, 'मसल'मधला सी 'मस्-क्यु-लर'मध्ये. सायलेंट अक्षराभोवती पेन्सिलनं गोल करायचा आणि बाजूला त्याचा बोलका भाऊ लिहायचा. असं केलं की स्पेलिंग वेगळं पाठ करावं लागत नाही.

आणि तिला 'सिंह' मोठ्यानं म्हणायला सांगा. ती 'सिंव्ह' म्हणेल. आपल्याकडेही सगळं लिहिल्यासारखं बोललं जात नाही.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे. लिहायला-वाचायला अडचण नाही, पण परदेशी कंपनीच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत समोरचा माणूस दर दोन वाक्यांनी 'सॉरी?' म्हणतो. मी तर प्रत्येक अक्षर स्पष्ट बोलतो. 'डेव्हलप', 'करिअर', 'कम्फर्टेबल' असे साधे शब्दसुद्धा त्यांना कळत नाहीत.
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : प्रत्येक अक्षर स्पष्ट बोलता, तिथेच अडतं. मराठीत शब्दाच्या प्रत्येक भागाला आपण जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजीत एका भागावर आघात असतो. तो भाग लांबतो, जरा मोठ्यानं येतो, आवाजही किंचित चढतो. बाकीचे भाग आखडतात. इंग्रजी ऐकत वाढलेला माणूस शब्द ओळखतो तो आघाताच्या भागावरून. आघात चुकला की सगळी अक्षरं बरोबर असूनही त्याला भलताच शब्द ऐकू येतो. आमच्या मते मराठी माणसानं सायलेंट अक्षरांच्याही आधी आघात शिकावा. एखादा टी चुकून बोलला गेला तर समोरचा समजून घेतो, आघात चुकला तर थांबतो.

तुमचेच शब्द घेऊ. आपण 'डेव्हलप' म्हणताना पहिल्या भागावर जोर देतो. हवा तो 'डि-व्हे-लप', जोर 'व्हे'वर. नोकरीतलं 'करिअर' म्हणजे 'क-रिअर', जोर शेवटी. तोच जोर पुढे आणला की ऐकणाऱ्याला 'कॅरिअर' ऐकू येतं, म्हणजे सामान वाहून नेणारा. तुमच्या वाक्याचा अर्थच मग त्याला लागत नाही. 'हॉटेल' आपल्या जिभेवर मराठी होऊन बसलं आहे. इंग्रजीत 'हो-टेल', जोर 'टेल'वर. 'कम्फर्टेबल'मध्ये टेबल कुठेच नाही : 'कम्फ्-ट-बल', तीन भाग, जोर पहिल्यावर. 'व्हेज्-ट-बल' तसंच.

आता जोर नसलेल्या भागाचं बघा. तिथला स्वर ए, ई, आय, ओ, यू यांपैकी कशानंही लिहिलेला असो, बहुतेक वेळा तो अर्धवट गिळलेला 'अ' होतो. 'प्रॉब्लेम'मध्ये शेवटी 'लेम' नाही, 'प्रॉब्-लम'. 'सपोर्ट' म्हणताना 'स' इतका आखूड की जेमतेम ऐकू यावा. 'सर्टिफिकेट' हे नाम असताना 'सर्-टि-फि-कट', जोर 'टि'वर. हा गिळलेला 'अ' जमला की तुमच्या इंग्रजीची चाल आपोआप बदलते.

आघात कुठे द्यायचा याचे आडाखे शब्दाच्या शेपटाकडे बघून बांधता येतात. शेवटी टी-आय-ओ-एन, एस-आय-ओ-एन, आय-सी किंवा आय-टी-वाय असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या भागावर : 'कम्युनिकेशन'मध्ये 'के'वर, 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये 'ट्रि'वर, 'मेकॅनिक'मध्ये 'कॅ'वर. 'पॉलिटिक्स' आणि 'ॲरॅबिक' याला अपवाद, तिथे जोर पहिल्या भागावर. शेवटी ई-ई-आर असेल तर जोर शेवटीच : 'एन्-जि-निअर', 'व्हॉ-लन्-टिअर'. शेपूट बदललं की जोर सरकतो, हे 'फो-ट-ग्राफ', 'फ-टॉ-ग्र-फर', 'फो-ट-ग्रॅ-फिक' या तिघांत नीट दिसतं. पहिल्यात 'फो'वर, दुसऱ्यात 'टॉ'वर, तिसऱ्यात 'ग्रॅ'वर. 'रेकॉर्ड'सारखे काही शब्द नाम असताना पहिल्या भागावर जोर घेतात आणि क्रियापद असताना शेवटच्या : 'रे-कॉर्ड' ठेवायचा, 'रि-कॉर्ड' करायचं. 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'परमिट' यांचंही तसंच. पण 'रिपोर्ट' दोन्हीकडे 'पोर्ट'वरच, तेव्हा हा आडाखा डोळे झाकून वापरू नका.

सराव तुमच्या बायोडेटातल्या शब्दांवर करा, दुसऱ्या कुठल्या यादीवर नको. 'अ-नॅ-ल-सिस' (जोर 'नॅ'वर), 'टेक्-नीक' (शेवटी), 'रि-स्पॉन्-स-बल' ('स्पॉन्'वर), 'इक्-स्पिअ-रि-अन्स' ('स्पिअ'वर), 'मॅ-निज्-मंट' (पहिल्यावर). शब्द म्हणताना बोटानं टेबलावर टकटक करा, जोराच्या भागावर एकच मोठी टक. दहा शब्द घ्या आणि प्रत्येक शब्द पाच वेळा म्हणा. मग तोच शब्द इंटरव्ह्यूत जे वाक्य बोलणार आहात त्या पूर्ण वाक्यात बसवून म्हणा. सुटा शब्द जमतो आणि वाक्यात परत जुनाच जोर येतो, असं बहुतेकांचं होतं. म्हणून वाक्याची पायरी गाळू नका.

प्रश्न : सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल याचा उच्चार 'कर्नल' कसा? त्यात आर कुठे आहे? आणि आपण ब्रिटिश उच्चार धरावेत की अमेरिकन?
– एक निवृत्त वाचक, धरमपेठ

उत्तर : मूळ इटालियन शब्दात एल आहे. तो फ्रेंचमध्ये गेला तेव्हा पहिल्या एल चा आर झाला. इंग्रजीत सोळाव्या शतकात दोन्ही रूपं चालत होती. शेवटी स्पेलिंग एल चं टिकलं आणि उच्चार आर चा.

नागपूरकराला यात नवल वाटू नये. आपण सगळे 'बर्डी' म्हणतो आणि इंग्रजीत लिहिताना बी-यू-एल-डी-आय लिहितो. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईच्या इंग्रजी वर्णनांतही हा एल आहेच. कामठीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एम आणि टी यांच्या मधे पी आहे, तो कुणी बोलत नाही. बाहेरगावचा माणूस नुसती पाटी वाचून 'बुल्डी' नाहीतर 'काम्प्टी' म्हणतो, कारण त्यानं ते नाव आधी ऐकलेलं नसतं.

यातून एक फार उपयोगाची गोष्ट हाती लागते. इंग्रजीतून मराठीत जे शब्द कानानं आले त्यांचे उच्चार आपण बरोबर करतो. एस. टी. 'डेपो'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी टी आहे, पण गणेशपेठेत उभा असलेला एकही माणूस 'डेपॉट' म्हणणार नाही. 'बिस्किट'मधला यू, 'गॅरंटी'मधला यू, 'न्यूमोनिया'मधला पी शाळेत न गेलेल्या माणसानंही कधी बोललेला नाही. जे शब्द डोळ्यांनी आले, म्हणजे आधी पुस्तकात किंवा पाटीवर वाचले, तिथे आपण चुकतो : 'वेडनसडे' (हवा 'वेन्झ्-डे'), 'रिसिप्ट' (हवा 'रि-सीट'), 'व्हेहिकल' (हवा 'व्ही-इ-कल'), 'प्रोनाउन्सिएशन' (हवा 'प्र-नन्-सि-ए-शन'). तेव्हा नवा शब्द आधी ऐका, मग त्याचं स्पेलिंग बघा. हा क्रम उलटला की चुकीचा उच्चार पक्का होतो आणि नंतर तो काढायला दुप्पट मेहनत पडते.

ब्रिटिश-अमेरिकन फरक थोड्याच शब्दांत अडवतो. 'शेड्यूल' ब्रिटिश, 'स्केज्यूल' अमेरिकन. 'लेफ्टनंट' ब्रिटिश आणि आपल्या सैन्यातही तोच, 'लूटेनंट' अमेरिकन. कोणतेही धरा, पण एकाच वाक्यात मिसळू नका. नागपुरी लकब घालवायची तर मुळीच गरज नाही. 'कार', 'पार्क' यांतला आर आपण स्पष्ट बोलतो, तसाच बोलत राहा.

प्रश्न : मी बी. कॉम.ला आहे. कर्जाच्या 'डेट'मध्ये बी सायलेंट हे कळलं. पण मग कर्जाचा 'डेट' आणि तारखेचा 'डेट' सारखेच झाले की! व्हायव्हात दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले आणि माझा गोंधळ उडाला.
– एक विद्यार्थिनी, इतवारी

उत्तर : ते सारखे नाहीत. आपल्या लिपीत दोन्हींसाठी एकच 'डेट' लिहावं लागतं, म्हणून तसं वाटतं. मराठीत 'ए' एकच आहे, इंग्रजीत त्या जागी दोन वेगळे स्वर आहेत.

हनुवटीखाली अंगठा लावून बघा. कर्जाचा शब्द म्हणताना जबडा थोडा खाली येतो, तिथेच थांबतो आणि स्वर झटक्यात तुटतो. तारखेच्या शब्दात स्वर लांब असतो आणि म्हणता म्हणता 'इ'कडे सरकतो : 'डेइट'. जबडा वर येताना अंगठ्याला जाणवायला हवा. जाणवला नाही तर तुम्ही दोन्हीकडे मराठी 'ए'च वापरता आहात. याच जोडीनं 'सेल' (विकणे) आणि 'सेइल' (विक्री), 'पेन' आणि 'पेइन' (दुखणं), 'टेस्ट' आणि 'टेइस्ट' (चव), 'लेट' (होऊ देणे) आणि 'लेइट' (उशिरा) म्हणा. आरशासमोर म्हटलं तर ओठांची टोकं दुसऱ्या शब्दात ताणलेली दिसतात. 'बॅड', 'बेड' यांत मात्र आपल्याला अडचण येत नाही, कारण त्यासाठी मराठीनं वेगळी खूणच केली आहे.

स्पेलिंग इथेही फसवतं. एस-ए-आय-डी हा आखूड 'सेड' आहे, एस-ए-वाय-एस हा आखूड 'सेझ'. 'हेड', 'ब्रेड', 'फ्रेंड', 'मेनी', 'लेपर्ड' (बिबट्या), 'बेरी' (पुरणे, बी-यू-आर-वाय) सगळ्यांत तोच आखूड स्वर.

तुमच्या विषयातले आणखी दोन शब्द : 'मॉर्गेज'मध्ये टी सायलेंट, उच्चार 'मॉर्-गिज'. 'आंत्रप्रनर'मध्ये जोर शेवटच्या 'नर'वर.

प्रश्न : ओ-यू-जी-एच चे इतके उच्चार का आहेत? दहावीची परीक्षा आहे. मोठा भाऊ म्हणतो, इंग्रजीत जी-एच-ओ-टी-आय असं लिहून 'फिश' वाचता येतं, म्हणून या भाषेत नियमच नाही.
– एक विद्यार्थी, कामठी

उत्तर : भावाला सांग, ती गंमत जुनी आहे आणि खोटी आहे. ती जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवतात, पण ती १८५५ च्या एका पत्रातच सापडते आणि शॉ जन्मले १८५६ मध्ये. जी-एच चा 'फ' होतो तो शब्दाच्या शेवटाकडे, 'इनफ', 'टफ' यांत. सुरुवातीला कधीच होत नाही, तिथे 'घोस्ट' आणि आपल्या तुपाचा 'घी' यांसारखा 'ग'च असतो. टी-आय चा 'श' होतो तो पुढे स्वर असला तरच, 'स्टेशन'सारखा. शब्दाच्या शेवटी आलेल्या टी-आय चा होत नाही. म्हणजे अक्षर शब्दात कुठे बसलं आहे यावर उच्चार ठरतो. नियम आहेत, फक्त ते एकेका अक्षराचे नसून जागेचे आहेत.

ओ-यू-जी-एच मधला जी-एच पूर्वी घशातून घासून काढलेल्या 'ख'सारखा होता. पुढे काही शब्दांत तो गळून गेला, काहींत 'फ' झाला. एकच नियम शोधत बसू नकोस, गट कर. ओ-यू-जी-एच-टी असेल तर 'ऑट' : 'थॉट', 'बॉट', 'ब्रॉट', 'फॉट'. अपवाद दुष्काळाचा, 'ड्राउट'. 'फ' चा गट छोटा आहे : 'इनफ', 'रफ', 'टफ' यांत 'अफ', 'कॉफ' (खोकला) मध्ये 'ऑफ'. उरले थोडे, ते सुटे पाठ कर : 'दो' (जरी), 'थ्रू', 'प्लाउ' (नांगर), 'थ-र' (पूर्ण, जोर 'थ'वर). 'थ्रू' आणि 'थ-र' यांच्या स्पेलिंगमध्ये फक्त एका ओ चा फरक आहे, पेपरात बहुतेक मार्क तिथेच जातात.

प्रश्न : सदरमध्ये कॅफे आहे. मेन्यूवरचे शब्द वाढप्यांना कसे शिकवू?
– एक कॅफेचालक

उत्तर : शब्द कोणत्या देशाचा ते विचारा, अर्धं काम होतं. फ्रेंच असेल तर शेवटचा टी बोलायचा नाही : 'बुफे', 'बुके', 'क्वासाँ'. फ्रेंच सी-एच म्हणजे 'श', म्हणून 'कीश' आणि 'शेफ'. इटालियन सी-एच म्हणजे 'क', म्हणून 'ब्रुस्केटा', 'झुकीनी'. स्पॅनिश जे म्हणजे 'ह' आणि डबल एल म्हणजे 'य' : 'हालापेन्यो', 'फाहीता', 'टॉर्टीया'. कॉफी 'एस्प्रेसो' आहे, तिच्यात एक्स नाही. मसाल्यातल्या टी-एच-वाय-एम-ई चा उच्चार 'टाइम', 'थाइम' नाही.

प्रश्न : कस्टमर केअरला आहे. व्ही-डब्ल्यू आणि झेड यांवरून ट्रेनर टोकतात. फरक कानाला कळतो, जिभेला जमत नाही.
– एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : आपला 'व' व्ही आणि डब्ल्यू यांच्या अधेमधे पडतो, म्हणून दोन्हीकडे कच्चा वाटतो. व्हीसाठी वरचे पुढचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवा आणि आवाज लांबवा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. डब्ल्यूसाठी दात ओठाला लागताच कामा नयेत. 'ऊ' म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करा आणि पुढच्या स्वरावर सोडा : 'ऊ-एस्ट' पटकन म्हणा, पश्चिम दिशा तयार. आता आरशात बघत 'व्हेरी वेल' म्हणा. पहिल्या शब्दात दात दिसायला हवेत, दुसऱ्यात लपायला हवेत. बोलण्याच्या वेगात दात विसरतात, म्हणून आधी मुद्दाम सावकाश म्हणा.

झेडसाठी मराठी 'जहाज'मधला 'ज' उपयोगाचा नाही. त्यात जीभ टाळूला चिकटून सुटते. झेडमध्ये ती कुठेच चिकटत नाही. गळ्यावर बोट ठेवून 'स्सस्स' म्हणा, जीभ तशीच ठेवून गळ्यात आवाज सुरू करा. बोटाला कंप जाणवला की झेड मिळाला. 'श्शश्श'वरून असंच गेलं की 'मेझर', 'प्लेझर', 'व्हिझन' यांतला आवाज मिळतो. तो मराठीत नाही. आणि लक्षात ठेवा, झेडचा आवाज बऱ्याचदा एस नं लिहितात : 'बिझी', 'बिकॉझ', 'कझिन'. जेवणानंतरच्या गोडाच्या 'डि-झर्ट'मध्ये तर दोन एस मिळून झेड होतो.

टी-एच साठी फार झुरू नका. आपल्या 'थ', 'द' नं काम चालतं. आधी आघात, मग स्वर, मग व्ही-डब्ल्यू, टी-एच सगळ्यात शेवटी.

प्रश्न : जि. प. शाळेत शिकवतो. मुलं 'आस्केड', 'वॉशेड' म्हणतात. आणि शब्दकोशातल्या उच्चाराच्या खुणा कशा वाचायच्या?
– एक शिक्षक, उमरेड

उत्तर : ई-डी चे आवाज तीन. मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज गळ्यावर बोट ठेवून तपासायला सांगा. कंप नसेल तर ई-डी म्हणजे 'ट' : 'वॉश्ट', 'हेल्प्ट', 'आस्क्ट', 'लाफ्ट'. कंप असेल तर 'ड' : 'कॉल्ड', 'प्लेड'. क्रियापद टी किंवा डी च्या आवाजावर संपलं तरच वेगळा भाग वाढतो : 'वॉन्-टिड', 'नी-डिड'. फळ्यावर तीन रकाने आखा आणि मुलांनी शब्द म्हणून मग रकाना सांगायचा, वाचून नाही. ए आणि ॲन यांचीही अशीच कानानं परीक्षा घ्या : 'ॲन अवर', कारण एच सायलेंट, 'अ युनिव्हर्सिटी', कारण आवाज 'य' चा, 'ॲन एफआयआर', कारण आवाज 'ए' चा.

शब्दकोशातल्या बहुतेक खुणा १८८६ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या ध्वनिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीच्या असतात. तीन ओळखता आल्या तरी पुष्कळ आहे. वरच्या बाजूला छोटी उभी रेघ : तिच्या लगेच पुढचा भाग जोराचा. उलटा ई : गिळलेला 'अ'. स्वरापुढे दोन टिंबं : तो स्वर लांब.

वर्गात रोज पाच शब्द पुरे, पाचही एकाच गटातले. वही मिटलेली असताना शब्द तीनदा ऐकवा, मुलांनी टाळी देऊन जोराचा भाग सांगावा, मग म्हणावा, शेवटी वही उघडून स्पेलिंग लिहावं आणि सायलेंट अक्षराला गोल करावा. देवनागरीत उच्चार लिहायला हरकत नाही, पण जोराच्या भागाखाली रेघ ओढल्याशिवाय नको. नाहीतर 'होटेल' लिहून मुलं पुन्हा 'हॉटेल'च म्हणतील. फोनवर मुलांचे आवाज रेकॉर्ड करता आले तर ते लगेच ऐकवू नका. दुसऱ्या दिवशी, मूळ उच्चार परत ऐकवल्यावर लावा. त्या वेळी फरक त्यांचा त्यांनाच ऐकू येतो.